साउंड वेगळा पाहिजे

सांगलीत किंवा साताऱ्यात एखादा मुलगा घरी येऊन "आम्ही बँड काढलाय" असं सांगतो, तेव्हा वडिलांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं त्यात गिटार नसते. त्यात लाल कोट असतो, खांद्यावर सोनेरी झालर असते, डोक्यावर तुऱ्याची टोपी असते. पुढे घोडं आणि मागे उन्हानं वैतागलेलं वऱ्हाड असतं. वडील क्षणभर थांबतात आणि या भागातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं विचारावा तोच प्रश्न विचारतात, "सुपारी किती घेताय?"

मुलगा दुखावतो. "पप्पा, तसला न्हवं. रॉक बँड."

"बरं. मग वाजवताय कुठं?"

याला उत्तर नसतं. कारण रॉक बँड मुळात वाजवण्यासाठी काढलेला नसतो, तो वेगळा असण्यासाठी काढलेला असतो. मुंबईत सुपारी म्हटलं की पोलिसांचे कान टवकारतात. कृष्णाकाठी सुपारी म्हणजे कार्यक्रमाचा करार. तमाशाची सुपारी, बेंजोची सुपारी, ऑर्केस्ट्राची सुपारी. ज्याच्या हातात सुपारी तो कलावंत, बाकीचे नुसते आवाज करणारे, अशी इथली साधी विभागणी आहे. तिच्यात रॉक बँड कुठे बसतो हे घरात कुणालाच कळत नाही, म्हणून आई विषय बदलते आणि जेवायला वाढते.

पप्पांच्या डोळ्यांपुढचं चित्र मात्र वाटतं तितकं चुकीचं नाही. १९६७ साली बीटल्स या जगातल्या सगळ्यात गाजलेल्या चौकडीला आपल्याच नावाचा कंटाळा आला. काहीतरी वेगळं करायचं म्हणून त्यांनी 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' नावाच्या एका काल्पनिक बँडचं सोंग घेतलं. मुखपृष्ठावर चौघं भडक साटिनचे लष्करी थाटाचे कोट, झालरी आणि गोंडे चढवून, हातात फुंकायची वाद्यं घेऊन उभे राहिले. म्हणजे वेगळेपणाच्या शोधात लिव्हरपूलची पोरं हिंडत हिंडत जिथे पोहोचली, तिथे साताऱ्याच्या राजवाड्यावरून निघालेली वरात लग्नसराईत रोज पोहोचत होती. फरक इतकाच, की वरातीतल्या वादकाला त्या कोटात उकडत होतं आणि त्याचं छायाचित्र कुणी काढत नव्हतं.

या दोन जिल्ह्यांत वेगळेपणाची तशी टंचाई नाही. वेगळेपणाचं चक्क सरकारी प्रमाणपत्र मिळतं, त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते २०१० साली मिळालं, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली, सांगलीच्या हळदीला २०१८ साली. घेवडा वेगळा आहे हे केंद्र सरकारनं मान्य केलं. ज्या पोराला घेवड्याची उसळ खाऊन सरावाला जायचंय, त्याला मात्र अजून आपण कशानं वेगळे आहोत ते सापडायचंय.

असा बँड एकच एक नाही. सांगली, सातारा, कराड, कुठल्याही गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात तो उगवतो आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपर्यंत टिकतो. एक गिटारवाला असतो, त्याला सगळं येतं असं त्याचं मत असतं. एक गायक असतो, त्याला आवाज असतो पण माइक नसतो. ड्रम वाजवणारा कलेपेक्षा जागेवर निवडला जातो: ज्याच्या वडिलांचं गोदाम, तो ड्रमर. आणि एक बेस वाजवणारा असतो. बेस वाजवणाऱ्याचं आयुष्य कठीण. घरातले विचारतात, "तुझ्या गिटारला दोन तारा कमी का रं? पैसे कमी पडले का?"

समजा, गोदाम हळदीचं आहे. सांगलीत ही शक्यता मोठी. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आवाज छान दबतो, हा फायदा. तोटा असा की, बास ड्रमवर पहिला दणका पडला की वरच्या पोत्यांतून पिवळी भुकटी खाली येते. परदेशी बँड मंचावर रंगीत धूर सोडायला लाखो खर्च करतात. इथे तो फुकट मिळतो, वर खोकलाही मिळतो. तासाभराच्या सरावानंतर चौघं बाहेर पडतात ते थेट बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे. ज्यांच्याकडे गोदाम नाही ते भाड्याचा गाळा घेतात आणि भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवतात. अंड्याच्या ट्रेनं आवाज अडतो ही समजूत जगभरच्या होतकरू बँडांत आहे. ट्रेमुळे खोलीतला घुमारा थोडा मऊ होतो. आवाज अडवायला लागतं वजन, आणि पुठ्ठ्याला ते नसतं. शेजारच्या काकूंना हे पदार्थविज्ञान पहिल्याच दिवशी कळतं.

पहिला महिनाभर गाणं बसवलं जात नाही, नाव शोधलं जातं. नाव इंग्रजी हवं, त्यात मृत्यू, राख, लोखंड किंवा अंधार यांपैकी काहीतरी हवं, आणि स्पेलिंग मुद्दाम चुकलेलं हवं. नावाचा प्रश्न खरोखरीचा आहे, हे कबूल करायला पाहिजे. मुंबईचा १९८४ सालचा 'रॉक मशीन' हा बँड देशभर गाजला, पण स्वतःची गाणी करता करता त्यांना हे नाव अंगाला तोकडं वाटू लागलं आणि १९९३ साली त्यांनी ते बदलून 'इंडस क्रीड' केलं. मुंबईच्याच एका मेटल बँडनं थेट 'भयानक मौत' असं नाव घेतलं आणि स्पेलिंगची कटकट मिटवली. आपल्या लग्नाच्या बँडवाल्यांनी मात्र हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. महाराष्ट्रातल्या दुकानांच्या पाट्यांवरचं 'आमची कोठेही शाखा नाही' हे वाक्य त्यांनीही उचललं. आपल्या वेगळेपणाविषयी याहून ठाम जाहीरनामा कुठल्या रॉक बँडला लिहिता आलेला नाही.

नाव ठरलं की गणवेश. काळा टीशर्ट, त्यावर कवटी, फाटकी जीन्स, जमल्यास केस. आपण कुणासारखे नाही हे लोकांना पटावं म्हणून जगातले लाखो तरुण नेमके हेच कपडे घालतात. मग कॉलेजच्या मासिकासाठी कुणीतरी मुलाखत घेतं. तुमच्यावर कोणाचा प्रभाव? मेटालिका, पिंक फ्लॉइड, आयर्न मेडन. मागच्या वर्षीच्या बँडनं काय सांगितलं होतं? मेटालिका, पिंक फ्लॉइड, आयर्न मेडन. तुमचं वैशिष्ट्य काय? "आमचा साउंड वेगळा आहे." हे वाक्य शब्दशः सारखं असतं.

आता भाषेचं. तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेला मुलगा अमेरिकेतल्या हमरस्त्यावरच्या एकटेपणाविषयी इंग्रजीत गातो, तेव्हा त्याला तो हमरस्ता कधी भेटला हे विचारायचं नसतं. मराठीत गा म्हटलं तर तो समजावून सांगतो, की मराठीत रॉक बसत नाही. हे त्याला कुणी सांगितलं ते कळत नाही. मराठी माणसाचं आणि रॉकचं वाकडं असायचं काही कारण नाही. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे १९७४ साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास होऊन गाजले, तेव्हा या पोरांचा जन्मही झाला नव्हता. आणि मराठी बसत नाही म्हणावं, तर मुंबईच्या काही तरुणांनी 'अभंग रिपोस्ट' नावाचा बँड काढून तुकोबांना ड्रम आणि बेस गिटारवर बसवलंच आहे. तुकोबा बसले, यात नवल नाही. ते कशावरही बसतात. नवल हे की, वारकऱ्यांनीही फारसं मनावर घेतलं नाही.

खरा जीव जडलेला असतो तो आवाजावर. रॉकच्या गिटारचा तो फाटका, खरखरीत, तापलेला आवाज. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात आणि त्यासाठी पायाखाली दाबायची पेडलं मिळतात. गिटारवाला महिनोन्महिने पैसे साठवतो, पेडल मागवतो, लावतो, ऐकतो आणि खिन्न होतो, कारण तो आवाज बरोबर त्या पेडलसारखा येतो. ते पेडल ज्यानं ज्यानं घेतलं त्या सगळ्यांसारखा.

हा आवाज मुळात निघाला तो बिघाडातून. अमेरिकेत लिंक रे या गिटारवाल्यानं १९५८च्या सुमारास आपल्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनं भोकं पाडली. इंग्लंडमध्ये 'किंक्स' बँडच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ साली आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या पडद्यावर दाढीचं पातं फिरवलं. चांगल्या वस्तूची वाट लावून त्यांनी तो आवाज मिळवला, आणि पुढे कंपन्यांनी तीच वाट डबीत भरून विकायला काढली.

पण वाट लागलेला आवाजच हवा, तर त्यासाठी इंग्लंडला कशाला जायचं? गोदामाच्या दारातून बेंजो पार्टी जातेच आहे.

बेंजोविषयी थोडं थांबायला हवं, कारण या वाद्याइतका अन्याय फार कमी वाद्यांवर झाला असेल. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकन बँजोशी नावापलीकडे काही संबंध नाही. हे वाद्य जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो नावाच्या माणसानं १९१२ साली टाइपरायटरच्या कळा पाहून ते तयार केलं, नाव ताइशोगोतो. तारा कोतोसारख्या, दाबायच्या कळा टंकलेखनासारख्या. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झालं, घराघरांत पोरीबाळी त्यावर नाजूक चाली वाजवू लागल्या. आणि मग महाराष्ट्रातल्या कुणा बहाद्दरानं त्याला पिकअप बसवला, वायर जोडली, ती ॲम्प्लिफायरमध्ये खुपसली, आवाज टेम्पोवरच्या कर्ण्यातून सोडला आणि शेजारी ताशा, ट्रिपल आणि ऑक्टोपॅड उभे केले. बुलबुल संपला, बेंजो सुरू झाला.

त्या कर्ण्यातून जे बाहेर पडतं ते डिस्टॉर्शन आहे. शंभर नंबरी. ते मिळवायला पातं फिरवावं लागत नाही. कर्णा मुळातच तसा असतो, आणि वरून जनरेटर धापा टाकत असतो. तारा धातूच्या, वाजवणाऱ्याच्या हातातली पट्टी विजेच्या वेगाची, आणि एकेक स्वर असा कातरत जातो की, लंडनच्या क्लबात हा माणूस उभा केला तर लोक विचारतील, तुझं पेडल कुठलं? रवी जाधव यांनी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला. त्यात न्यूयॉर्कहून एक मुलगी या आवाजाच्या शोधात मुंबईला येते. चित्रपट फारसा चालला नाही. पण मुलीचा कान बरोबर होता.

आणि गोदामातला गिटारवाला? तो बेंजो जवळ आला की दार लावून घेतो. म्हणतो, "या आवाजात प्रॅक्टिस कशी करायची?"

बेंजोच्या मागून येतो डॉल्बी. या भागात डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंत, जी समोरून गेली की घरातल्या मांडणीतली भांडी आपापसांत बोलू लागतात. आता हा शब्द आला कुठून पाहा. रे डॉल्बी हा अमेरिकन तंत्रज्ञ १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. इथून तो लंडनला गेला आणि १९६५ साली कंपनी काढली. ती कशासाठी? ध्वनिमुद्रणातली बारीक खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवणं हे ज्याच्या आयुष्याचं काम, त्याचं नाव आपण नको असलेल्या आवाजाला दिलं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, अशी मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी घातलेली आहे. ४५ डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसं हळू आवाजात बोलतात तेवढं. मिरवणुकीतला डॉल्बी सुरू होण्याआधी "चेक, चेक" म्हणतो, तेवढ्यातच ही मर्यादा संपलेली असते.

रॉकवाल्यांना डॉल्बीविषयी तुच्छता असते. ती रास्त आहे, पण तिच्यात थोडी असूयाही आहे. डॉल्बीपुढे दोन हजार माणसं नाचतात. बँडपुढे कॉलेजच्या स्नेहसंमेलनात चाळीस माणसं बसलेली असतात, त्यांतली बारा पुढच्या नृत्यस्पर्धेत भाग घेणारी.

तर साउंड वेगळा करायचा म्हणून बँडमध्ये एके दिवशी ठराव होतो: फ्यूजन. कल्पना वाईट नाही. ब्राझीलच्या 'सेपुल्तुरा' या मेटल बँडनं १९९६च्या 'रूट्स'साठी शावांते या आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं. दिल्लीच्या 'ब्लडीवूड'नं मेटलमध्ये ढोल घातला आणि परदेशातल्या महोत्सवांत माणसं त्यावर उड्या मारू लागली. मग आपणही हलगी घेऊ.

हलगी ही काही खेळण्यातली गोष्ट नाही. कुंडलच्या मैदानात कुस्ती लागते तेव्हा निम्मं पाणी पैलवान दाखवतात आणि निम्मं हलगी. डाव शिजत असतो तोवर ती दबक्या पावलांनी चालते, पकड बसली की धावत सुटते. हलगीच्या जोडीला घुमकं असतं, कैताळ असतं. आणि हलगीला ट्यूनर नसतो. चामडं सैल पडलं की चार काटक्या पेटवायच्या, हलगी शेकायची, बोटानं टिचकी मारून बघायची. आता कॉलेजच्या वातानुकूलित सभागृहात, छताला धूर ओळखणारं यंत्र असताना, हे कसं करायचं यावर बँडची दीड तास चर्चा होते. ड्रमर म्हणतो, आपण मेट्रोनोम लावून वाजवतो, हलगी एकशेवीसच्या वेगात बसेल का? हलगीवाला शांतपणे तंबाखू मळत सांगतो, "तुमी हाना. मी येतो मागनं."

पण फ्यूजन होत नाही. कारण फार साधं: हलगीवाल्याची तारीख मिळत नाही. यात्रांचा हंगाम, मैदानं, लग्नं. त्याला सुपाऱ्या आहेत. तो वेगळेपण शोधत बसलेला नाही, तो पुसेगावला निघालाय.

इथे एक गोष्ट हसण्याच्या ओघात निसटू नये. पप्पांना मुलाच्या 'बँड'ची जी अडचण वाटते ती फक्त पैशांची नसते. वाजवणं हे या भागात पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींवर सोपवलेलं काम होतं. त्यांनी वाजवायचं, इतरांनी नाचायचं आणि जेवायच्या वेळी त्यांची पंगत वेगळी बसवायची. मुलाच्या हातात दीड लाखाची गिटार चालते, स्वस्तातली हलगी आली की घर गप्प होतं. कवटीच्या टीशर्टात बंडखोरी शोधणाऱ्यांनी या गप्प बसण्याकडे जरा बघावं, खरी तार तिथे ताणलेली आहे.

ती तार छेडलेली माणसं याच मातीत होऊन गेली. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. ब्राह्मणाचा पोर, गावचं कुलकर्णीपण हाताशी. त्याला पाठ दाखवून हा गडी तमाशाच्या फडात उभा राहिला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्या काळात याची काय किंमत मोजावी लागली असेल, याचा हिशेब कुठल्याही काळ्या टीशर्टाच्या खिशात मावणारा नाही. त्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघांचा बँडच म्हणायचा. तमाशाचा सांगाडा त्यांनी ठेवला, पण गणातल्या गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं, गवळण काढून टाकली, आणि गिरणगावातल्या मैदानांवर हजारो कामगारांपुढे तो उभा केला. आमचा साउंड वेगळा आहे, असं त्यांनी कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आणि मेटल? तेही सांगलीत आधीच झालेलं आहे.

कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तो पाहिला आणि पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी आपलं करा, पण याहून नीटस. नीट पाहिलं तर हे आजच्या प्रत्येक बँडला मिळणारं काम आहे: 'त्यांच्यासारखं, पण वेगळं.' भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' उभं केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. तो दिवस अजून रंगभूमी दिन म्हणून पाळतात. पण त्या नाटकांत राक्षस कसे यायचे ते पाहण्यासारखं आहे. तोंड रंगवलेलं, केस मोकळे सोडलेले, राळेचा भपका उडालेला, आणि घशाच्या तळातून काढलेली आरोळी, 'अललल डुर्रर्र!' पुढच्या काळातल्या सुधारलेल्या नाटकवाल्यांनी या प्रकाराला 'अललडुर' आणि 'तागडथोम' म्हणून नाकं मुरडली. रंगवलेली तोंडं, आगीचे लोळ, शब्द न कळणारी गुरगुर आणि मागे दणदणीत ताल, याला आज डेथ मेटल म्हणतात आणि त्याची तिकिटं हजारोंत विकतात. भाव्यांनीही तिकिटं विकली. आश्रयदाते आप्पासाहेब १८५१ साली गेले, दरबारचा आधार सुटला. मंडळींनी बोचकी बांधली, दौरे काढले आणि १८५३ साली थेट मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या नाट्यगृहात खेळ लावला. सांगलीचा हा पहिला दौऱ्यावर गेलेला बँड. व्हॅन नव्हती. बैलगाडी होती.

परदेशी बँडांना मात्र या भागाचा सुगावा लागतो. इंग्लंडमधल्या 'कॉर्नरशॉप' या बँडनं १९९७ साली 'ब्रिमफुल ऑफ आशा' नावाचं गाणं केलं. त्यातली आशा म्हणजे ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगलीत जन्मलेली आशा मंगेशकर, पुढे आशा भोसले. फेब्रुवारी १९९८ मध्ये या गाण्याची नव्यानं जुळवलेली आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे गोऱ्यांच्या देशात रॉक बँडला वेगळं काहीतरी हवं होतं, तेव्हा त्यानं सांगलीच्या मुलीचं नाव घेतलं. आणि सांगलीच्या मुलांना वेगळं काहीतरी हवं होतं, तेव्हा ती इंग्लंडच्या बँडांची नावं पाठ करत होती. दोन्ही गाड्या मिरजेवरून गेल्या असत्या तर वाटेत कुठेतरी क्रॉसिंगला भेटल्या तरी असत्या.

मिरजेचं नाव निघालंच आहे, तर गिटारवाल्यानं एकदा तिकडे जायला हरकत नाही. सांगलीपासून दहा-बारा किलोमीटर. तिथल्या सतारमेकर गल्लीतल्या लोकांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले यांना धार लावणारे. लढाया संपल्या, हत्यारांचं काम बसलं, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या कारागिरांनी बिघडलेले तंबोरे दुरुस्त करता करता नवे बनवायला घेतले. हा धंदा बदलताना वेगळं काहीतरी करू अशी बैठक झाली नसावी. पोट होतं आणि हातात हत्यारं होती. पंढरपूरकडचा भोपळा, त्यावर महिनाभराचं काम. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, आणि आजही मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. खाँसाहेबांनी टिपू मियाँ नावाच्या आपल्या कुत्र्यालाही सुरात आणलं होतं, असं सांगतात. गायक मिळत नाही म्हणून रडणाऱ्या बँडांनी याची नोंद घ्यावी.

या गल्लीत शेवटचं काम जवारीचं. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानसेनं इतका बारीक घासायचा की तार कंप पावताना तिला अगदी हलका स्पर्श होत राहील. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत ती जागा शोधायची, जिथे एकच तार दहा तारांसारखी उमलते. हा गुंजारव म्हणजे तारेच्या सरळ आवाजात मुद्दाम केलेला बिघाड, नेटका आणि मापात. डेव्ह डेव्हिसनं पात्यानं केलं ते इथे सुतानं करतात. १९६५च्या सुमारास रॉकवाल्यांना या आवाजाचं वेड लागलं. १९६७ साली अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीनं विजेची सतार बाजारात आणली आणि तिच्यावर जवारीसारखं झणझणावं म्हणून खास सपाट घोडी बसवली. गिटारवाल्याच्या पेडलमध्ये जो आवाज आहे, त्याचा चुलतभाऊ घरापासून रिक्षाच्या अंतरावर बसून आहे.

आणि जवारीची एक गैरसोय आहे. ती दोन वाद्यांत सारखी लागत नाही. कारागिराला सांगितलं की, त्या गवयाच्या तंबोऱ्यासारखी करून द्या, तर तो मान हलवतो. गवयाचा आवाज विचारतो, पट्टी विचारतो, एकदा 'सा' लावून दाखवायला सांगतो. आपल्या गायकाला असा 'सा' लावायला सांगितला की तो घसा खाकरतो आणि म्हणतो, "आमचं ई मायनरमध्ये असतं."

बँडचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या वर्षाला कंपन्या येतात. गायक पुण्याला हिंजवडीत लागतो, बेसवाला बंगळुरूला, ड्रमर गोदामातच राहतो आणि आता पोती मोजतो. गिटारवाला गिटार विकायला काढतो, पण चांगली किंमत येत नाही. त्या मॉडेलच्या अशा बऱ्याच गिटारी त्याच वेळी, त्याच कारणासाठी विकायला आलेल्या असतात. काही वर्षांनी त्याचं लग्न ठरतं. पप्पा हौसेनं बेंजो पार्टी ठरवतात आणि सुपारी देतात, चांगली घसघशीत. वरातीत नवरदेव घोड्यावरून ऐकत असतो. बेंजोवाला एका चालीवरून दुसरीवर उडी घेताना मध्ये जे काही चार सेकंद करतो, ते ऐकून नवरदेव घोडं थांबवायला सांगतो. घोडं थांबत नाही, त्याला सवय नसते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला, दोन्हींना वेगवेगळी, भौगोलिक मानांकनं २०२४ साली मिळाली. बेंजोला अजून मिळालेलं नाही. ज्यांना जवारी ऐकायची असेल त्यांनी मिरज जंक्शनला उतरावं. तिथे गाड्या थांबतात आणि चांगल्या निवांत थांबतात. ज्यांना बेंजो ऐकायचा असेल त्यांनी लग्नसराईत कुठेही उभं राहावं. बेंजोवाल्याचा मोबाइल नंबर टेम्पोच्या मागच्या फळीवर लिहिलेला असतो.